बाबांना डर्बी दाखवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांच्या सत्तरीला त्यांना काय द्यायचं हे सुचेना. शर्ट ते घालत नाहीत, घड्याळ त्यांच्याकडे आहे. शेवटी त्यांना महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी बघायला नेलं. त्या दिवसाचे फोटो नात्यात फिरले आणि तेव्हापासून दर डिसेंबरात कुणाचा ना कुणाचा फोन येतो: "आम्हालाही आमच्या माणसाला न्यायचंय, कसं करायचं?" पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा आलेले प्रश्न एकदा लिहून काढले आहेत.

१. इंडियन डर्बी म्हणजे नेमकं काय? रोजच्या रेसपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची शर्यत. भारतात घोड्याचं वय १ जानेवारीला वाढतं आणि डर्बी फेब्रुवारीत होते, त्यामुळे एका घोड्याला ही शर्यत आयुष्यात एकदाच पळता येते. सगळा मान त्यामुळेच. मोसमातल्या बाकीच्या मोठ्या शर्यती, म्हणजे डिसेंबरातल्या गिनीज वगैरे, डर्बीच्या वाटेवरच्या पायऱ्या मानल्या जातात.

पहिली डर्बी १९४३ साली झाली आणि ती प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने मारली. घोड्या नरांबरोबरच पळतात, फक्त त्यांच्या पाठीवर दीड किलो वजन कमी असतं. २०१० मध्ये जॅकलीनने डर्बी जिंकली, तीही घोडीच. हे आमच्या मावशीला सांगितल्यावर ती यायला तयार झाली.

२. ती कधी असते?

साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, दुपारनंतर. मुंबईचा मोसम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. तारीख ठरल्याशिवाय गाडीचं आरक्षण, हॉटेल, सुट्टी यांतलं काही पक्कं करू नका. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, म्हणजे रेसकोर्स चालवणारा क्लब, मोसमाचं वेळापत्रक जाहीर करतो, ते बघा.

३. भेट म्हणून हातात द्यायचं काय? नुसतं तिकीट दिलं तर फारच कोरडं वाटतं.

कोरडं वाटणारच. डर्बी संपायला अडीच मिनिटं लागतात. तुम्ही देताय तो त्या अडीच मिनिटांच्या आजूबाजूचा सगळा दिवस, आणि आखायचा तोच असतो. कोणाबरोबर जायचं, कुठे बसायचं, मधे कधी खायचं, परत कसं यायचं, याचा विचार त्या माणसाने करायचा नाही, तुम्ही करायचा.

हातात द्यायला दुर्बीण द्या. खरंच सांगते, तिच्याइतकी उपयोगी वस्तू नाही. घोडे लांबच्या बाजूला गेले की टाचणीएवढे दिसतात आणि बाबांच्या वयाच्या माणसाला जॉकीचे रंग ओळखता येत नाहीत. ८ किंवा १० पट मोठं दाखवणारी हलकी दुर्बीण घ्या, जड घेतलीत तर ती तुमच्याच गळ्यात येईल. सोबत त्या दिवसाचं रेसबुक, म्हणजे शर्यती आणि घोड्यांची माहिती देणारी पुस्तिका. ते आधी मिळत नाही, कारण पळणाऱ्या घोड्यांची शेवटची यादी त्याच आठवड्यात ठरते. तेव्हा पाकिटात एक चिठ्ठी टाका: "रेसबुक गेटवर घेऊ."

४. कुठल्या भागाचं तिकीट घ्यावं?

ढोबळ मानाने तीन प्रकार असतात: सभासदांचा भाग, पहिल्या दर्जाचा आणि दुसऱ्या दर्जाचा. सभासदांच्या भागात ओळखीच्या सभासदामार्फत जाता येतं आणि तिथे कपड्यांचे नियम असतात (प्रश्न ७). डर्बीच्या दिवशी दर नेहमीपेक्षा जास्त असतात, म्हणून जानेवारीपासूनच क्लबच्या घोषणांवर डोळा ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने सभासदांच्या भागासाठी फार धडपड करू नये. बाबांना तिथे नेलं असतं तर ते दिवसभर खुर्चीच्या टोकावर अवघडून बसले असते. ते परळच्या गिरणीत होते. रविवारी मित्रांबरोबर येऊन दुसऱ्या दर्जात उभं राहायचे. त्यांना पहिल्या दर्जात नेलं एवढ्यानेच त्यांनी दोनदा विचारलं, "अगं, आपल्याला इथे चालतं ना?"

५. दिवसभर करायचं काय? एकाच शर्यतीसाठी एवढा वेळ?

एकच नसते. डर्बी त्या दिवशीच्या अनेक शर्यतींपैकी एक, आणि उशिराची. दोन शर्यतींच्या मधे साधारण अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाचा एक ठरलेला फेरा असतो: पॅडॉकवर, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, जाऊन पुढच्या शर्यतीचे घोडे बघायचे, मन ठरवायचं, लावायचे असतील तर पैसे लावायचे, जागेवर येऊन शर्यत बघायची आणि मग हळहळायचं. दोन शर्यतींतच माणूस या तालावर येतो.

म्हणून डर्बीच्या ऐन वेळेला पोहोचू नका. निदान दोन शर्यती आधी जा.

६. महालक्ष्मीला पोहोचायचं कसं?

लोकलने जाणं सगळ्यात सोपं. पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्टेशनवर फक्त धिम्या गाड्या थांबतात. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला बदलावं. डर्बी रविवारी असते, तेव्हा आदल्या दिवशी पेपरात मेगाब्लॉक आणि जम्बोब्लॉकची बातमी वाचूनच घर सोडा. डोंबिवली-बदलापूरकडून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

भुयारी मेट्रो ३ चंही महालक्ष्मी स्थानक आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, त्यामुळे अंधेरी-मरोळकडच्या लोकांची चांगली सोय झाली. म्हातारं माणूस असेल तर स्टेशनवरून टॅक्सी करा. स्वतःची गाडी आणायचा मोह टाळा, डर्बीच्या संध्याकाळी केशवराव खाडये मार्गावर घोडं पेंड खातं ते तासभर खातं.

७. टोपी घालावी लागते का? फोटोत तर सगळे सूट-बुटात दिसतात.

वर्तमानपत्रात टोप्यांचे फोटो येतात, साडी नेसून आलेल्या हजार बायकांचे येत नाहीत. पहिल्या किंवा दुसऱ्या दर्जात नीटनेटके कपडे पुरतात. सभासदांच्या भागात जाणार असाल तर ज्याच्या ओळखीने जाताय त्यालाच नियम विचारा आणि चप्पल-हाफपँटचा विचारही करू नका. दुपारचं ऊन असतं, संध्याकाळी समुद्राकडून गार वारा सुटतो, तेव्हा आईसाठी शाल ठेवा. उंच टाचा नकोत, सारखं चालावं लागतं.

८. आम्हाला घोड्यांतलं ओ की ठो कळत नाही. मजा येईल?

येईल, पण पॅडॉकवर गेलात तर. पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोड्यांना गोल फिरवतात ती जागा. मोतद्दार लगाम धरून चालत असतो, घोड्याच्या अंगावर कातडीखालच्या शिरा दिसतात, कुणी मान हलवत तालात चालतो, कुणी घामाने फेसाळलेला असतो. मग जॉकी येतात, ट्रेनर कानात काहीतरी सांगतो, एका झटक्यात जॉकी पाठीवर.

बाबा त्या दिवशी जवळजवळ सगळा वेळ पॅडॉकच्या कठड्याला टेकून होते. मी हौसेने स्टँडमधली चांगली जागा पकडली होती, ती रिकामीच राहिली. "१९७७ ची डर्बी आम्ही भिंतीच्या त्या बाजूने ऐकली होती," म्हणाले. त्या वर्षी स्क्वॉन्डरर जिंकला होता, ट्रेनर राशिद बायरामजींच्या तबेल्यातला. तिकिटाचे पैसे नव्हते, म्हणून मित्रांबरोबर बाहेर उभे राहून त्यांनी फक्त आरडाओरडा ऐकला होता. घोडा कसा दिसतो हे त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत कळलं.

ओळखायला सोपं काही हवं असेल तर जॉकीचे रंग बघा. ते मालकाचे असतात, जॉकीचे नाहीत, त्यामुळे एकच जॉकी दिवसभरात चार रंगांत दिसतो. आमची मावशी पहिल्या तीन शर्यती "हा पिवळा मगाशी हिरवा होता ना?" हेच विचारत होती.

९. पैसे कसे लावतात?

दोन मार्ग आहेत. एक टोट, म्हणजे खिडकीवरून तिकीट. सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात, त्यातून ठरलेली कपात होते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणून तुम्हाला नेमके किती मिळणार हे शर्यत झाल्यावरच कळतं. दुसरा मार्ग रेसकोर्सच्या आतले परवानाधारक बुकी. त्यांच्याकडे भाव तुम्ही लावता त्या क्षणीच ठरतो, नंतर तो वरखाली झाला तरी तुमचा तोच राहतो.

नवख्याने 'विन' किंवा 'प्लेस' लावावं. विन म्हणजे घोडा पहिला आला पाहिजे, प्लेस म्हणजे पहिल्या काहींत आला तरी चालतं. क्विनेलात पहिले दोन कोणत्याही क्रमाने ओळखायचे, टनालात पहिले तीन बरोबर क्रमाने. जॅकपॉटमध्ये लागोपाठच्या पाच शर्यतींचे विजेते सांगावे लागतात. दर रविवारी जॅकपॉट लावणारा आणि दर रविवारी चौथ्या शर्यतीत हरणारा एक काका प्रत्येक घरात असतोच.

१०. पण हा जुगार नाही का? कायदेशीर आहे का?

रेसकोर्सच्या आत, परवानाधारक क्लबकडे लावणं कायदेशीर आहे. मुंबईत यासाठी १९१२ सालापासून वेगळा परवाना कायदा आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निकाल दिला, तामिळनाडूतल्या एका खटल्यात. बाहेर पानटपरीवर किंवा फोनवर पैसे घेणाऱ्या माणसाला ही सवलत लागू नाही, त्याच्याकडे वळूच नका.

कायद्याचा प्रश्न इथे संपतो. घरातल्यांच्या मनातला संपत नाही, त्यासाठी २० आणि २१ बघा.

११. किती पैसे नेऊ? जिंकलो तर कर लागतो का?

जे हरल्यावर तुम्ही एका हॉटेलातल्या जेवणाएवढंच हळहळाल, तेवढे. आम्ही प्रत्येकाच्या पाकिटात सारखी रक्कम आधीच घालून दिली आणि 'पाकीट संपलं की खिडकी बंद' असं ठरवलं. भेट देणाराच पैसे देतोय म्हटल्यावर बाबांचा संकोचही गेला.

कर आहेच. सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतींवरच्या बेटिंगवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी तो २८ होता. एका तिकिटावर १०,००० रुपयांपेक्षा जास्त जिंकलात तर ३० टक्के कर कापूनच पैसे हातात येतात. या हिशोबात कमाईची स्वप्नं बसत नाहीत. करमणूक म्हणून जा.

१२. एकाने खात्रीची टिप दिली आहे. लावू का?

खात्रीची असती तर त्याने तुम्हाला दिली असती का?

१३. बाबांचे गुडघे दुखतात. जमेल?

जमेल, पण आखणी उलटी करा. सगळ्या शर्यती बघायच्या नाहीत. पॅडॉक आणि स्टँड यांच्या मधे, स्वच्छतागृहाजवळ, खालच्या पायरीवरची जागा पकडा. वरून मैदान छान दिसतं हे खरं, पण दर अर्ध्या तासाने खाली-वर करताना गुडघे बोलायला लागतात. चाकाची खुर्ची लागणार असेल तर क्लबला आधी फोन करून कुठल्या गेटने आत यायचं ते विचारून ठेवा. डर्बी संपल्यावर लगेच उठू नका, गर्दी ओसरू द्या.

१४. मुलांना नेता येतं का?

पैसे लावायला १८ पूर्ण लागतात. प्रवेशाचा नियम भागाभागाप्रमाणे असतो, तेव्हा तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या. चार वर्षांचं पोर चार तास टिकत नाही, हा माझा अनुभव.

१५. सरप्राइज ठेवावं का?

तरुण माणसाला ठेवा. साठीच्या पुढे ठेवू नका. औषधांच्या वेळा, दुपारची झोप, 'आज घरी पाहुणे येणार आहेत', असं सगळं अडतं. आठवडाभर आधी सांगितलं तर एक जास्तीचा फायदाही होतो: ते रोज पेपरात घोड्यांची नावं वाचायला लागतात. आमच्याकडे डर्बी खरी त्या आठवड्यातच सुरू झाली.

१६. वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे. फेब्रुवारीपर्यंत कोण थांबणार?

मग पुण्याला न्या. मुंबईत पाऊस असतो तेव्हा मोसम पुण्याच्या कॅम्पातल्या रेसकोर्सवर जातो, साधारण जुलैपासून पुढे. सप्टेंबरात तिथे इंडियन सेंट लेजर होते, २८०० मीटरची, म्हणजे डर्बीपेक्षाही लांब. पुढे पुणे डर्बी. गर्दी कमी, वातावरण घरगुती. पावसाने ट्रॅक फार भिजला तर शर्यती रद्द किंवा पुढे ढकलल्या जाऊ शकतात, तेव्हा नातेवाइकांकडे मुक्काम ठरवलात तर बरं.

घोड्यांच्या बाबतीत पुणं मुरलेलं आहे. पूनावाला घराण्याचा हडपसरचा स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं फार्म, १९४६ चा. त्यांच्याकडचे निवृत्त घोडे रक्तातलं सीरम काढण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, तेव्हा सायरस पूनावालांच्या मनात आलं की हे आपणच का करू नये. त्यातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोव्हिशील्ड टोचून घेताना रेसच्या घोड्याची आठवण कुणाला आली असेल? हल्ली डर्बी त्यांच्या दिवंगत पत्नी विल्लू यांच्या नावाने होते.

१७. रेसकोर्स बंद होणार, तिथे बाग होणार असं ऐकलं. पुढच्या वर्षी डर्बी असेल ना?

बाग होणार आहे, पण शर्यतीही राहणार आहेत. जमिनीचा भाडेकरार २०१३ साली संपला होता, त्यावर बरीच वर्षं घोळ चालला. २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे जातील आणि ९१ एकर क्लबकडे राहतील. १८८३ पासून इथे शर्यती होतात, त्याआधी त्या भायखळ्याला व्हायच्या. जुना स्टँड वारसा वास्तू आहे. कामांमुळे गेट किंवा वाहनतळ बदलू शकतात, एवढं मात्र जाण्याआधी बघून घ्या.

१८. आम्ही नागपूरहून येणार. दोन दिवसांत आणखी काय बसवता येईल?

रविवारी सकाळी महालक्ष्मीचं दर्शन घ्या, देऊळ जवळच आहे. भरती नसेल तर हाजी अलीच्या दर्ग्यापर्यंत चालत जाता येतं. शनिवारी फोर्टात काळा घोडा महोत्सव सुरू असण्याची शक्यता असते, तो साधारण याच सुमारास भरतो. एक दिवस काळा घोडा, दुसऱ्या दिवशी तपकिरी.

जेवण रेसकोर्सवर मिळतं, पण पथ्य असेल तर घरून खाऊन निघा.

१९. मुलगा परदेशात आहे, तो आम्हाला तिकडची रेस दाखवतो म्हणतो. कुठली बघावी?

दुबईत असेल तर मार्चच्या शेवटी मेदान रेसकोर्सवर दुबई वर्ल्ड कप. तिथे पैसे लावायची सोयच नाही, विजेते ओळखण्याची फुकट स्पर्धा असते, म्हणून ज्यांना बेटिंग नको त्यांच्यासाठी ही उत्तम. मेलबर्नला असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी फ्लेमिंग्टनचा मेलबर्न कप, ३२०० मीटर, त्या दिवशी शहराला सुट्टीच असते. अमेरिकेत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी, लुइव्हिलला. तिथली राहायची सोय महिनोन्महिने आधी करावी लागते, हॉटेलांचे दर त्या दोन दिवसांत आकाशाला भिडतात. व्हिसाच्या तारखेआधी कुठल्याच तिकिटाचे पैसे भरू नका.

२०. त्यांना पूर्वी रेसचं व्यसन होतं. आता सुटलं आहे. एकदा हौस म्हणून नेलं तर?

नेऊ नका. पाकिटाचा नियम (प्रश्न ११) इथे चालत नाही, आणि तुम्ही सोबत आहात म्हणून धोका कमीही होत नाही. स्वतः त्यांनीच विषय काढला तरी नको. घोडे आवडत असतील तर शर्यत नसलेल्या दिवशी सकाळी लवकर महालक्ष्मीला फेरफटका मारा. लोक तिथे चालायला येतात, घोड्यांचा सरावही दिसू शकतो आणि खिडक्या बंद असतात.

२१. आईला हे अजिबात पसंत नाही. "रेसने घरं बुडाली," म्हणते. काय सांगू?

तिचं खोटं नाही. गिरणगावात पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट बघत दारात बसलेल्या बायका तिने पाहिल्या आहेत. वाद घालू नका. आमची आई म्हणाली, "तुम्ही जा, मी स्टेशनवर बसते." शेवटी ती आत आली ती पिशवीत चिवडा घेऊन. डर्बीला सगळं मैदान उठून उभं राहिलं तेव्हा तीही उभी राहिली, दुर्बीण बाबांच्या हातातून काढून घेतली आणि शर्यत संपेपर्यंत परत दिली नाही. तेव्हा दोन दुर्बिणी न्या.